पाड्याला चालेल अशी फटफटी

आमच्या ह्यांना फटफटीचं वेड लग्नाआधीपासून होतं, हे मला लग्नानंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी नकार दिला नसता म्हणा, कारण बाकी माणूस सरळ होता. शहापूरच्या शाळेत मास्तर, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, आवाज कधी चढायचा नाही. फक्त आग्रा रोडवरून एखादी मोटरसायकल गेली की बोलता बोलता थांबायचे आणि आवाज विरेपर्यंत मान तिकडेच ठेवायचे. मान जागेवर आली की मी माझं राहिलेलं वाक्य पुरं करायची.

गाडी घ्यायची ठरली ती मात्र त्यांच्या वेडापायी नाही, माझ्या कामापायी. साठ सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट असेल. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, बाळंतपणाच्या कामावर. दवाखान्यात येऊन बाळंत होणाऱ्या बायका थोड्या; बाकीच्यांकडे मीच जायची. शेणव्यापर्यंत एसटी, तीही तिच्या मनाला येईल तेव्हा. पुढे आपले पाय. हातात काळी बॅग, तिच्यात उकळलेल्या कात्र्या, दोरा, कापूस, स्पिरिट आणि पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी. पावसाळ्यात ओढा आडवा आला की पलीकडच्या काठावरून लोक मला हात करत आणि अलीकडून मी त्यांना. हातवाऱ्यांनी कुणाची सुटका होत नसते.

शेणव्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला एक पाडा होता. कुडाची थोडी घरं, स्वतःची जमीन कुणालाच नाही. लावणी-कापणीला आसपासच्या शेतकऱ्यांकडे मजुरीला जायचं आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर. त्या पाड्यावरची एक सून माझ्या मनातून जात नव्हती. विशीची असेल, हसऱ्या तोंडाची. तिचं पहिलं मूल मी या भागात येण्याआधीच गेलं होतं. दुसऱ्या वेळी निरोप आला तशी मी निघाले, पण एसटी गेलेली, म्हणून बैलगाडीनं गेले. पोचले तेव्हा मूल बाहेर आलं होतं आणि त्याच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा तसाच होता. थोडं आधी पोचते तर एका बोटानं सोडवला असता. सासूनं मूल कापडात गुंडाळून उचललं. ती पोर मात्र माझा हात धरून म्हणाली, "बाय, तुमी वाटेला हायेत, मना ठावा होता." तिनं मला चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

आता ती पुन्हा गरोदर होती. या खेपेला शहापूरला येऊन राहा असं म्हटलं तर सासू-सुना दोघी हसल्या. कापणीच्या दिवसांत धडधाकट बाई दवाखान्यात पडून राहते, ही कल्पनाच त्यांना विनोदी वाटली. मी म्हटलं, "बरं, मग कळ आली रे आली की माणूस पाठवा. मी येते." सासूनं माझ्या चपलांकडे पाहिलं. "येशील गो. पन कशी?"

तिचा हा प्रश्न मी रात्रीच्या जेवणात ह्यांच्या पानात वाढला. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "मग फटफटीच घ्यायला हवी." इतकं गंभीर तोंड मी त्यांचं बोहल्यावरही पाहिलं नव्हतं.

नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. मूल काही नंबर लावून येत नाही, तेव्हा वापरलेलीच बघायची ठरली. दिवस पितृपंधरवड्याचे होते. मी म्हटलं, या दिवसांत कसली खरेदी? तर म्हणाले, "खरेदी दसऱ्याला. चालवून बघायला पितरांची काय हरकत असणार?" पितरांच्या वतीनं हे असे बोलत होते, जणू त्यांच्याकडून लेखी आलं होतं.

आग्रा रोडवर गावाबाहेर एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. तिथे पहिली गाडी पाहिली. लष्करातून निघालेली, काळी, ऐसपैस, मागची सीट पाटासारखी रुंद. ऐटीत बसून लांबच्या रस्त्याला लागावं अशीच तिची बांधणी. ह्यांनी तिच्या टाकीवरून हात फिरवला तो बघून मला जरा मत्सरच वाटला. किक मारली ती पहिल्यांदा उलटी बसली आणि पोटरीवर फटका आला. दुसऱ्यांदा इंजिन लागलं. धड्-धड्-धड्, सावकाश आणि खोल. पायाखालच्या जमिनीतून वर येणारं. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, हिच्यावर बसून नाशिकला जा आणि उतरलात की तशाच स्वयंपाकाला लागा."

मी पदर कमरेला खोचला, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसले आणि काळी बॅग मांडीवर घेतली.

"अगं, बॅग कशाला? नुसती चक्कर तर मारायची आहे."

"पाड्यावर मी बॅगेशिवाय जाणार आहे का?"

वाशिंदपर्यंत जाऊन आलो. खोटं कशाला सांगू, मला ती गाडी आवडली. खड्डा आला तरी झोपाळ्यावर बसल्यासारखं वर-खाली व्हायचं, एवढंच. रस्त्याच्या कडेला भाताची खाचरं हिरवीगार होती आणि समोरून येणारी माणसं बाजूला होऊन आमच्याकडे बघत होती. नर्सबाई नवऱ्यामागे बसून उंडारतेय, हे संध्याकाळपर्यंत गावभर होणार हे मला ठाऊक होतं. झालंच. पण मला त्या दिवशी कुणाची फिकीर वाटली नाही. उतरल्यावर मी दोन्ही हात पुढे धरून पाहिले. सुईत दोरा ओवता आला असता इतके स्थिर होते. बाळंतिणीकडे थरथरत्या हातांनी जाता येत नाही. माझी परीक्षा तेवढीच होती आणि गाडी पास झाली होती.

ह्यांनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला असता. मीच अडवलं. म्हटलं, "वाशिंदला मला बाळंतपण करायचं नाहीये. ही पाड्यावर नेऊन बघू, मग बोला."

मिस्त्रीनं रविवारी गाडी दिली. शेणवा सोडलं तसा रस्ता संपला आणि गाडीवाट सुरू झाली. तिथेही ती काळी डगमगली नाही. चिखलातून रेड्यासारखी चालली. पाड्याच्या अलीकडे ओढा होता आणि ओढ्याकडे उतरणारा लांब उतार. त्या उतारावर गाडीचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटायचा आणि दुप्पट होऊन परत यायचा. हे इतके खूश झाले की मागे वळून म्हणाले, "ऐकलंस?"

मी ऐकलं. त्याच वेळी पलीकडच्या झाडीतून एक लांबलचक कुकारा आला, "कूऽऽऊ!" मग त्याच्याही पुढून दुसरा. मला वाटलं, आम्हाला बघून कोणी आनंदानं ओरडतंय. मी हातसुद्धा हलवला.

ओढ्याशी गाडी उभी करून आम्ही दगडांवरून पलीकडे गेलो आणि पाड्यात शिरलो. पाड्यात कुणी नव्हतं. म्हणजे अक्षरशः कुणी नव्हतं. एका चुलीवर आधण उतू जात होतं, जात्याच्या तोंडाशी नाचणी तशीच पडलेली, एका झोळीतलं मूलसुद्धा उचलून नेलेलं आणि रिकामी झोळी अजून हलत होती. मी आधी जाऊन आधणावरचं झाकण काढलं. काही झालं तरी उतू जाणारं भांडं मला बघवत नाही.

त्या पोरीच्या घराच्या ओट्यावर तिचा सासरा तेवढा बसला होता. पायानं अधू, काठीशिवाय उठता न येणारा. आमच्याकडे न बघताच म्हणाला, "पाड्यात कोन नाय. सगली लग्नाला गेली."

"पितृपक्षात कुणाचं लग्न लावताय, बाबा?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली. "अगो बाय, तू काय?" मग माझ्यामागे उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे आणि ओढ्यापलीकडच्या काळ्या गाडीकडे त्यानं आळीपाळीनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आमाला वाटला बंदीवाले आले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दारूबंदीचा काळ होता. मोहाची फुलं पाड्यावर येणार आणि त्यांची दारू गाळली जाणार, हे माझ्या आईच्या जन्माआधीपासून चालत आलेलं. लग्नाला लागायची, मयताला लागायची, बाळंतिणीच्या अंगाला चोळायलाही लागायची. कायद्यानं ती गुन्हा ठरली तेव्हापासून धाड पडू लागली, आणि धाडीचे लोक यायचे ते अशाच काळ्या, अशाच धडधडणाऱ्या फटफटीवरून. आवाज आला की शेतातला पहिला माणूस कुकारा देई, दुसरा तो पुढे नेई आणि बाई, बाप्या, मडकी, पोरं सगळे जंगलात. गाडी ओढ्याशी पोचेतो पाडा रिकामा. ज्याला पळता येत नाही त्यानं बसून लग्नाची थाप मारायची.

"सून कुठे आहे?" मी विचारलं.

"तीवं पलाली."

सातवा महिना भरत आलेला. सासऱ्यानं तोंडाशी हात धरून वेगळ्या चालीचा कुकारा दिला, तशी माणसं एक एक करून झाडीतून बाहेर येऊ लागली. आम्हाला ओळखून हसू लागली. ती सगळ्यांच्या मागून आली. सासूनं तिला दंडाला धरलं होतं. कमरेपर्यंत भिजलेली, हातांवर करवंदीच्या काट्यांचे ओरखडे, एका गुडघ्याला रक्त. ओढ्याच्या वरच्या अंगाला घसरून पडली होती. मला बघून तीही हसली आणि त्या हसण्यानं माझा संताप डोक्यात गेला. मी ह्यांच्यावर ओरडले, सासूवर ओरडले, तिच्यावर तर काय वाटेल ते ओरडले आणि तिला आत नेऊन चटईवर झोपवलं.

लाकडी नळी तिच्या पोटावर टेकवली आणि कान लावला. काहीच ऐकू येईना. माझ्याच कानात माझं रक्त धडधडत होतं. मी नळी हलवली, पुन्हा हलवली. सासू दारात उभी होती, तिनं पदर तोंडात धरलेला. मग डाव्या बाजूला, खाली, ते सापडलं. घाईघाईचं, बारीक, टिकटिकटिक. मी तिथेच बसून राहिले. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

"बाय," ती म्हणाली, "मी थांबनार होती. म्हटला, आज बाय येल. पन तो तुमचा आवाज नवता."

परत निघताना ह्यांनी आपला तोडगा सासऱ्यासमोर मांडून पाहिला. बिचारे अजून त्या गाडीला चिकटून होते. "बाबा, आता कळलं ना आमची गाडी? दोन-चारदा आलो की सवय होईल तुम्हाला. आवाज आला तरी पळायचं नाही."

म्हाताऱ्यानं काठीनं जमीन उकरली. मग शांतपणे म्हणाला, "होल रे मास्तर सवय. मंग एक दिवस बंदीवाले येतील, नि आमी म्हनू मास्तर आला. बसून राहू. मंग?"

मी सरकारी नोकर, माझा पगार ज्या सरकारचा त्याचाच तो कायदा. मी खरं तर म्हाताऱ्याला दारूचे चार दुष्परिणाम सांगायला हवे होते. मला ते सुचलेसुद्धा नाहीत. त्या माणसांची सगळी मदार एका कुकाऱ्यावर होती. आमच्या सोयीसाठी त्यांनी आपले कान बधिर करून घ्यायचे, हे मागणं मला करवलं नसतं. उतरताना झालेला तोच आवाज चढताना पुन्हा डोंगरावरून परत आला आणि मला त्याचा राग आला.

काळी गाडी मिस्त्रीकडे परत गेली. त्यानंतर गॅरेजवरून जायचं झालं की हे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत चालायचे.

दुसरी गाडी वाशिंदच्या कारखान्यातल्या एका फोरमनची, लाल रंगाची. वेग असा की डोळ्यांतून पाणी काढील. पण मागे बसलेल्या माणसाचा विचार ती बनवणाऱ्यानं केलाच नव्हता. पहिल्या खड्ड्यात माझे दात एकमेकांवर आपटले, दुसऱ्यात बॅगेतली स्पिरिटची बाटली फुटली. उतरल्यावर हात पुढे धरले, तर पिंपळाच्या पानासारखे हलत होते. ह्यांनीच फोरमनला सांगितलं, "राहू द्या. हिच्या हातांना नाही मानवली." एवढं त्यांनी ध्यानात ठेवलं होतं, याचं मला त्या अवस्थेतही बरं वाटलं.

तिसरी मुरबाडला. तिथल्या एका गवताच्या वखारवाल्यानं जीप घेतली होती, म्हणून फटफटी काढायची होती. किन्हवली, सरळगाव करत एसटीनं गेलो. वखारीत गवताच्या गंजीला टेकून ती उभी होती. करडी, बुटकी, एका दिव्याची, आजारी शेळीसारखी. ह्यांचा चेहरा पडला. वखारवाला प्रामाणिक होता. म्हणाला, "मास्तर, गाडी धूर काढते. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालायचं. आणि एक खोड आहे. उभी असताना हँडलची मूठ पिळत राहावी लागते. सोडली की बंद पडते. मिस्त्री थकले, खोड गेली नाही."

सुरू केली. टर्रर्र. बारीक, चिरका, निलाजरा आवाज. वखारीतले हमाल हसले. हे खाली मान घालून बसले आणि मी मागे. पण मुरबाडच्या रस्त्यावर मला कळलं की हिची सीट बेताची असली तरी स्प्रिंग चांगली आहे आणि जोर कमी असल्यामुळे ही उधळत नाही. हात धरून पाहिले. स्थिर होते. हे मात्र उतार आला की इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून देत होते. मी विचारलं तर म्हणाले, "पेट्रोल वाचतं." खरं कारण निराळं असणार. तेवढाच वेळ त्यांना तो आवाज ऐकावा लागत नव्हता.

तीही आम्ही पाड्यावर नेऊन पाहायची ठरवली. आदल्या दिवशी मी सासूला निरोप धाडला, सुनेला घरातच ठेवा, उद्या कुणीही आलं तरी तिला हलवू नका. बाकी कुणाला सांगितलं नाही; सांगितलं तर परीक्षा कसली?

उताराच्या डोक्यावर आलो तेव्हा ह्यांनी सवयीनं इंजिन बंद करायला हात नेला. मी पाठीत बुक्की मारली. "अहो, चालू ठेवा! आवाजाचीच तर परीक्षा आहे." गाडी टरटरत उतरली. मी जीव मुठीत धरून कान लावून बसले. कुकारा आला नाही. ओढ्याच्या बाजूच्या खाचरात बायका तण उपटत बेणणी करत होत्या. त्या कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या आणि बघू लागल्या. एकही पळाली नाही. मग एकीनं मोठ्यानं विचारलं, "कोन गो ता? शिवनाची मिशीन घेऊन आला काय?" आणि सगळ्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की एक तर बांधावर बसलीच.

मीही हसत होते. ह्यांची पाठ मला दिसत होती, ताठ, आणि कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मला एकदम वाईट वाटलं. ज्या माणसानं उभं आयुष्य एका आवाजासाठी मान वळवली, त्याला मी सगळ्यांच्या हशाचा विषय झालेल्या या यंत्रावर बसवत होते. मी म्हटलं, "नको असेल तर राहू दे. दुसरी बघू."

ते ओढ्यापलीकडे बघत राहिले. ती पोर ओट्यावर येऊन उभी होती. एक हात पोटावर, दुसरा कपाळावर आडवा धरून उन्हातून आमच्याकडे बघत. पळालेली नव्हती. हे म्हणाले, "दुसरी कशाला? हीच घ्यायची." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "रंग तेवढा काळा देऊ."

दसऱ्याला गाडी दारात आली. झेंडूची माळ घातली, काळा रंगही दिला. शहापुरात तिला कुणी शिवणयंत्र म्हणेना, पण मास्तरांची शेळी म्हणू लागले. हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मी पाड्यावर दर आठवड्याला जाऊ लागले. टरटर ऐकली की ती पोर ओट्यावर येऊन बसलेली असायची. बाळ आडवं होतं ते फिरलं, डोकं खाली आलं. मी प्रत्येक वेळी ठोके ऐकायची आणि परतताना ह्यांना सांगायची. ते विचारत नसत, पण सांगेपर्यंत किक मारत नसत.

उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताची कापणी चालू होती तेव्हा निरोप आला. तिचा नवरा कुणाचीशी सायकल मागून आला होता, घामानं निथळत. सकाळची शाळा सुटत होती. ह्यांनी खडूचे हात धोतराला पुसले, मी बॅग उचलली. शेणवा केव्हा मागे गेलं ते कळलं नाही. गाडीवाटेवर ह्यांनी मला न विचारता वेग वाढवला, आणि उताराच्या डोक्यावर आले तेव्हा त्यांचा हात इंजिन बंद करायला गेलाही नाही.

उतारावरून मला ओढा दिसला आणि ओढ्यात माणसं दिसली. पळत होती. चार-पाच बाप्ये, मागे बायका, पाण्यातून, दगडांवरून. म्हटलं, पुन्हा तेच झालं! कुणीतरी कुकारा दिला आणि तिला अशा वेळी घेऊन ही माणसं जंगलात निघाली. मी ओरडले, "अहो, थांबवा, बंद करा गाडी, पळताहेत सगळे!"

हे म्हणाले, "नीट बघ. आपल्याकडे पळताहेत."

त्यांच्या खांद्यांवर बांबू होता आणि बांबूला घोंगडीची झोळी. झोळीत ती. अलीकडच्या काठाला, आंब्याखाली आम्ही भेटलो. सासू धापा टाकत म्हणाली, "आवाज आयकला नि उचलली. म्हटला, आर्दी वाट तुमी, आर्दी आमी. आता उशीर नाय करायचा."

खरंच उशीर करून चालण्यासारखं नव्हतं. घोंगडी अंथरली, बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. ह्यांनी गाडी दूर उभी केली, आमच्याकडे पाठ केली आणि मूठ सोडली. टरटर थांबली. तशी ती झोळीतून उतरवलेली पोर डोळे गच्च मिटलेल्या अवस्थेत ओरडली, "बाय गेली! बाय गेली!"

"अगं, मी इथेच आहे. हा बघ माझा हात."

"नाय, आवाज गेला. गाडी चालू ठेवा. बंद झाली का वाटतं तुमी गेलाव."

मी हाक मारली, "अहो, चालू करा आणि चालूच ठेवा!"

किकचा आवाज आला आणि पुन्हा टरटर सुरू झाली. उतारावर थेंब थेंब पेट्रोल वाचवणारा माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता आणि मूठ पिळत होता. ऊन डोक्यावर आलं. निळा धूर आंब्याच्या फांद्यांत चढत होता. कळ आली की ती त्या आवाजाकडे तोंड फिरवायची आणि माझं मनगट आवळायची. डोकं दिसलं. मी बोट फिरवून पाहिलं, आणि या वेळीही गळ्याला वेढा होता. त्याच जागी. माझे हात मी पाहिले, हललेसुद्धा नाहीत. एका बोटानं तो वेढा सैल केला आणि डोक्यावरून काढला. पुढच्या कळेला मुलगी बाहेर आली, निळसर, गप्प. मी तिला पालथी धरून पाठीवर चोळलं, तोंडातला चिकटा बोटानं काढला. एकदा चोळलं, दोनदा. मग तिनं श्वास घेतला आणि टाहो फोडला.

बायका रडायला लागल्या, मी रडायला लागले, सासू तर बांबूला मिठी मारून रडत होती. पण ह्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते तसेच पाठमोरे, मान खाली, मूठ पिळत उभे होते आणि त्या टरटरीत त्यांना काही ऐकू येत नव्हतं. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मूठ धरून धरून मनगट थरथरत होतं, ते मला एवढ्या लांबून दिसलं.

तेवढ्यात ओढ्यातून काठी टेकत सासरा वर आला. ज्याला कधी पळता आलं नाही तो म्हातारा सगळ्यांच्या मागून, एकटा, पाण्यातून आला होता. त्यानं नातीकडे एकदा पाहिलं. मग लंगडत ह्यांच्याजवळ गेला आणि त्यांच्या मुठीवर आपला हात ठेवला.

"सोड रे मास्तर आता. तिचा आवाज आयक."

ह्यांनी मूठ सोडली. गाडी नेहमीसारखी लगेच बंद पडली. आणि मग त्यांना ऐकू आलं.